इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला आयसीटी घेतलं तर पुढे उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून लेस्टरला येऊन दोन वर्षं झाली, मुलगी इयर ११ ला आहे, तिला सिक्स्थ फॉर्म कॉलेजात (म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी दोन वर्षं) आयसीटी, म्हणजे इन्फर्मेशन अँड कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी, घ्यायचंय आणि युनिव्हर्सिटीवाले ते धरतात की नाही हे तुम्हाला कळत नाहीये. तर पहिली गोष्ट, ए-लेव्हल (सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी द्यायची विषयवार परीक्षा) आयसीटी हा विषय आता इंग्लंडात नाहीच. २०१८ च्या उन्हाळ्यात शेवटची परीक्षा झाली आणि खेळ खल्लास. नेटवर त्याच्या जुन्या नोट्स आणि पेपर अजून ढिगाने पडलेत, ते बघून काही ठरवू नका.

मी तो विषय केलाय, एक्यूए या परीक्षा बोर्डाचा. दुसऱ्या वर्षी सगळा जीव प्रोजेक्टमध्ये अडकलेला असायचा, म्हणजे खराखुरा क्लायंट शोधायचा, त्याची अडचण समजून घ्यायची आणि त्याला काहीतरी बनवून द्यायचं. मी ओळखीच्या एका दुकानदाराला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये स्टॉकचा डेटाबेस करून दिला. डेटाबेस पटकन झाला हो, पण प्रत्येक क्लिकचा स्क्रीनशॉट, टेस्टिंगचे तक्ते, युजर गाइड, दुकानदाराच्या सहीचं पत्र, त्यातच जीव गेला. प्रोग्रामिंग म्हणाल तर नावाला. शाळांमध्येही तेच चालायचं, वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट. म्हणून जानेवारी २०१२ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी शाळेतला आयसीटीचा अभ्यासक्रम काढून टाकायची घोषणा केली, त्याच महिन्यात शाळांतल्या कॉम्प्युटर शिक्षणावर रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा रिपोर्टही आला, आणि २०१४ पासून त्या जागी कॉम्प्युटिंग आलं. टीका बरीचशी खरीच होती. तरी मला वाटतं लोकांनी जरा जास्तच धुतलं त्या विषयाला, कारण गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय हे त्याला स्वतःलाच धड सांगता येत नसतं, ते बोलून बोलून काढून घ्यावं लागतं, हे मी तिथेच शिकलो आणि आज नोकरीत अर्धा दिवस तेच करतो.

आता आयसीटी म्हणजे मुलीच्या डोक्यात काय आहे ते आधी विचारा, कारण त्या एका नावाखाली आता दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत.

एक ए-लेव्हल कॉम्प्युटर सायन्स. याला कॉम्प्युटर वापरायला शिकायचा विषय समजू नका. बायनरीत फ्लोटिंग पॉइंट, बूलियन अल्जेब्रा, डी मॉर्गनचे नियम, स्टॅक-क्यू-ट्री, डायक्स्ट्राचा अल्गोरिदम असा सगळा मामला असतो. एक्यूए आणि ओसीआर या दोन्ही बोर्डांकडे अडीच-अडीच तासांचे दोन पेपर, प्रत्येकी ४० टक्के, आणि उरलेले २० टक्के स्वतः केलेल्या प्रोग्रामिंग प्रोजेक्टचे. एक्यूएचा पहिला पेपर तर कॉम्प्युटरवरच बसून कोड लिहून द्यायचा असतो. ज्याला गणित नकोसं वाटतं त्याची इथे वाट लागते, म्हणून बरीच कॉलेजं जीसीएसईला (इयर ११ च्या शेवटची बोर्डाची परीक्षा) गणितात ६ किंवा वरची ग्रेड मागतात, ९ ही सर्वात वरची.

दुसरी वाट बीटेक (BTEC) आयटी, जुन्या आयसीटीच्या जास्त जवळची. हे आपलं इंजिनिअरिंगचं बी.टेक. नव्हे, ए-लेव्हलच्याच वयात करायचा कामाकडे झुकलेला कोर्स. नेटवर्क, सिस्टिम, डेटाबेस, वेबसाइट, काही परीक्षा आणि बरीच असाइनमेंट. एक्स्टेंडेड सर्टिफिकेट घेतलं तर ते एका ए-लेव्हलएवढं, डिस्टिंक्शनला यूकासचे (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) ४८ पॉइंट म्हणजे ए-लेव्हलच्या ए ग्रेडइतकेच. मात्र सरकारची या कोर्सेसमध्ये सारखी उलथापालथ चालू आहे, तेव्हा सप्टेंबरला नेमकं कुठलं क्वालिफिकेशन शिकवणार हे कॉलेजकडून लेखी घ्या. तिसरं टी-लेव्हल, म्हणजे एका कामधंद्यासाठीचा दोन वर्षांचा कोर्स, तेही आहे, पण त्यात दोन्ही वर्षं तोच एक विषय आणि किमान ४५ दिवस कंपनीत प्लेसमेंट, सोळाव्या वर्षी इतकं पक्कं ठरलेलं असेल तरच जा.

आणि पुण्याच्या हिशोबाने एक लक्षात ठेवा, इथे अकरावी-बारावीसारखे सहा विषय नसतात, साधारण तीनच. त्यामुळे एक विषय चुकला की एक तृतीयांश गेला. युनिव्हर्सिटीला कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल तर बहुतेक चांगल्या ठिकाणी ए-लेव्हल कॉम्प्युटर सायन्स सक्तीचं नाही, पण गणित मात्र हवंच, इम्पीरियल किंवा केंब्रिजला तर त्याशिवाय विचारतच नाहीत. म्हणजे तीनातलं एक गणित आधी पक्कं करा, मग कॉम्प्युटर सायन्स की आयटी यावर वाद घाला. गणित नको असेल आणि तिला बिझनेस, डिझाइन, डिजिटल मार्केटिंग असलं काही आवडत असेल तर बीटेक आयटी आणि सोबत दोन ए-लेव्हल, यात कमीपणा काहीच नाही, माझ्या टीममध्ये अशी माणसं आहेत आणि छान काम करतात. फक्त ज्या युनिव्हर्सिट्या डोक्यात आहेत त्यांच्या पानावर बीटेक चालतं का ते कोर्सनिहाय बघा, सगळीकडे सारखं नसतं.

ओपन ईव्हनिंगला मुलीला घेऊन जा आणि तिथल्या टीचरला म्हणा, मागच्या वर्षीच्या मुलांचे प्रोजेक्ट दाखवा. वर्गात मुली किती तेही विचारा, कॉम्प्युटर सायन्सला अजून फार कमी असतात, काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींना वाटतं. ॲडमिशन पक्की होते ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागल्यावर, आणि बहुतेक कॉलेजांत पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलता येतो, त्याची शेवटची तारीख मात्र आधीच विचारून ठेवा.