मी एक सामान्य माणूस. कुणाकडून काही घेत नाही, कुणाला काही देत नाही. माझ्या असण्या-नसण्याने कुणाला काय फरक पडतो?

तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिलंय त्यात दोन गोष्टी आहेत. एक, 'माझ्यात सांगण्यासारखं वेगळं काहीच नाही'. दुसरी, 'माझं मी कमावतो, माझं मी खातो, कुणावर अवलंबून नाही'. पहिली खरी असेल, बहुतेकांच्या बाबतीत ती खरीच असते. दुसरी मला पटत नाही. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दिवसभर हात ज्या कामात असतात, त्याच्याच आधाराने उत्तर देते.

रक्त द्यायला कुणी आलं की आधी फॉर्म भरून घेतात. मग वजन, बीपी, बोटाला टोचून हिमोग्लोबिन. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५. कावीळ होऊन गेली आहे का, वर्षभरात कुठे टॅटू काढलाय का, काही औषधं चालू आहेत का, हे सगळं विचारतात. ज्याची उत्तरं एकामागून एक 'नाही, नाही' येतात आणि ज्याचे आकडे ठरलेल्या मर्यादेत बसतात, तो माणूस आम्हाला हवा असतो. नंतर त्याच्या रक्ताची एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तिथेही काहीच न सापडणं हीच चांगली बातमी. तुम्ही स्वतःचं जसं वर्णन केलंय, नेमक्या तशा माणसाची आम्ही रोज वाट बघत असतो.

आता वेगळेपणाचं सांगते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे मांडला. त्याला आज सगळीकडे 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. तुमच्या-माझ्या लाल पेशींवर 'एच' नावाचा एक घटक असतो. त्याच्यावर आणखी भर पडली की ए किंवा बी गट होतो, भर पडली नाही तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसात हा एचच नसतो. साध्या तपासणीत त्याचा गट ओ दिसतो. पण आम्ही उलटी तपासणीही करतो, म्हणजे त्याच्या सीरममध्ये, रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पातळ भागात, ओ गटाच्या पेशी घालून बघतो. एरवी ओ गटाच्या माणसात त्या पेशी निवांत सुट्या राहतात. इथे नळी हलवली की तळाशी लाल गुठळी घट्ट धरून बसते, म्हणजे त्याचं रक्त ओ गटालाही परकं मानतं. ती दिसली की पोटात गोळा येतो, कारण त्या क्षणापासून फ्रीजमधल्या सगळ्या पिशव्या त्या पेशंटसाठी नसल्यासारख्या होतात. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त चालतं. भारतात असे लोक साधारण दहा हजारांत एक. मग याद्या काढायच्या, दुसऱ्या शहरांत फोन करायचे, कुणी तरी भला माणूस रात्रीची गाडी पकडून येतो. येतो, हे मी पाहिलंय. पण तोपर्यंत पेशंटच्या नातेवाइकांचे चेहरे बघवत नाहीत.

याच्या उलट बी पॉझिटिव्ह आणि ओ पॉझिटिव्ह. आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक याच दोन गटांचे. फॉर्मवर गट लिहिताना काही जण जरा खट्टू होऊन म्हणतात, "आमचा काय, कॉमनच आहे." मला दर वेळी वाटतं, अहो, कॉमन आहे म्हणूनच उद्या तुम्हाला गरज पडली तर या शहरातली लाखो माणसं तुमच्या उपयोगाची आहेत, आणि तुम्ही त्यांच्या. तुमच्यासारखं रक्त किती जणांचं आहे, त्यावर तुमचा जीव किती सुरक्षित ते ठरतं. आमच्या खोलीत सामान्य असण्याइतकं मोठं भाग्य नाही.

१९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं आणि रक्तगटांचा पत्ता लागला. त्याआधीही एकाचं रक्त दुसऱ्याला देऊन पाहत. काही वाचत, काही तडफडून मरत, आणि असं का होतं ते कुणाला कळत नसे. प्रत्येक माणसाचं रक्त अगदी त्याचं एकट्याचंच असतं, तर हा प्रश्न कधीच सुटला नसता. कोट्यवधी माणसं मोजक्या गटांत बसतात, म्हणून परक्याचं रक्त आपल्या अंगात मुकाट राहतं.

रक्त पिशवीत जातं तेव्हा सगळ्यांचं सारखंच गडद दिसतं. ती पिशवी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवून काढली की खाली लाल पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो, मध्ये पांढुरका पातळ थर. भरपूर तेलकट खाऊन आलेल्याचा प्लाझ्मा दुधाळ दिसतो, बाकी कुणाचा काही ओळखू येत नाही. मग वेगळं करायचं. लाल पेशी फ्रीजमध्ये, पिशवीत कोणतं द्रावण आहे त्यानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, मात्र फक्त पाच दिवस, त्याही खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या रॅकवर. एका माणसाचं रक्त असं तिघांकडे जातं. आणि डेंग्यूत प्लेटलेट खूप घसरून रक्तस्राव सुरू झाला तर एका मोठ्या माणसाला एका वेळी चार ते सहा जणांच्या प्लेटलेट लागू शकतात. पिशवीवरच्या लेबलवर क्रमांक, गट, घेतल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. देणाऱ्याचं नाव नसतं. तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला कुणाचं रक्त चढतंय हे तिला कळणार नाही, आणि ज्याने दिलं तो त्या वेळी कदाचित लोकलमध्ये चौथी सीट मिळावी म्हणून धडपडत असेल.

थॅलेसेमिया मेजर असलेली मुलं आमच्याकडच्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. त्यांच्या शरीरात पुरेशा लाल पेशी तयार होत नाहीत, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि ते जन्मभर. एक वडील यायचे, हातात जुनी फाइल आणि डबा. मुलगी पाचवीत. रक्ताची वेळ जवळ आली की ती शाळेचा जिना चढताना मध्येच बसते, असं ते सांगायचे. रक्त चढल्यावर दुसऱ्या दिवशी तीच मुलगी मैदानावर. अशा एका मुलाच्या अंगात वर्षभरात कितीतरी अनोळखी माणसं येऊन जातात. कुणी रिक्षावाला, कुणी बँकेतला कॅशियर, कुणी नुकतीच अठरा पूर्ण झालेली कॉलेजची पोरगी. यातल्या एकानेही काही असामान्य केलेलं नसतं. पण ते सगळे एकदम यायचे थांबले तर ती मुलगी महिना-दीड महिन्यात अंथरुणाला खिळेल.

तुम्ही म्हणता, मी कुणाचं काही घेतलं नाही. एवढ्या खात्रीने सांगता येणार नाही तुम्हाला. तुमच्या जन्माच्या वेळी आईला रक्त चढवलं होतं का, हे घरात विचारून बघा. पुष्कळ घरांत ते कुणी बोलून दाखवलेलं नसतं. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर आईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. ते बऱ्याचदा माणसांनी दिलेल्या प्लाझ्मातूनच काढलेलं असतं. काही आजारांत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्लाझ्मातली रोगांशी लढणारी प्रथिनं, चढवतात, त्याची एक बाटली तयार व्हायला हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करावा लागतो. रक्त अजून कुठल्याही कारखान्यात बनत नाही. पैसा कितीही असला तरी ते दुसऱ्या माणसाकडूनच यावं लागतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. पेढी जे घेते ते तपासणी आणि साठवणुकीचं शुल्क. रक्ताला किंमत लावलेली नाही.

आणि फक्त रक्त देणाऱ्याचंच कशाला? रात्री तीन वाजता फ्रीजचा अलार्म वाजला की धावत येणारा वायरमन, बर्फाची पेटी घेऊन पावसातून मोटरसायकलवर येणारा वॉर्डबॉय, वापरलेल्या सुया नीट वेगळ्या काढणाऱ्या मावशी. यातल्या एकाने त्या रात्री टाळाटाळ केली तर सर्जनचं सगळं कौशल्य वाया जातं. सर्जनचं नाव लोक लक्षात ठेवतात, ठेवावंच. मावशींचंही ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र सतत खुपते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला किंवा सणासुदीला मोठी शिबिरं होतात, ढीगभर पिशव्या एकदम जमतात. लाल पेशींची मुदत ठरलेली, मुदतीत त्या लागल्या नाहीत तर टाकून द्याव्या लागतात. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, तेव्हा आम्ही एकेका पिशवीसाठी फोन फिरवत बसतो. थॅलेसेमियाची मुलं मे महिन्यातही येतातच.

म्हणून तुम्हाला सांगते, शिबिराची वाट बघू नका. एखाद्या साध्या मंगळवारी जवळच्या रक्तपेढीत जा. ई-रक्तकोशच्या संकेतस्थळावर पेढ्यांची माहिती मिळते. रिकाम्या पोटी जाऊ नका, आदल्या रात्री नीट झोपा, पाणी भरपूर प्या. टोचणं क्षणभराचं, पिशवी भरायला दहाएक मिनिटं लागतात. वजनाप्रमाणे ३५० किंवा ४५० मिली घेतात. मग थोडा वेळ पडून राहायचं आणि चहा-बिस्किटं घेतल्याशिवाय उठायचं नाही. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बायकांना चार महिन्यांनी. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून परत पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि काही महिन्यांनी पुन्हा या. आणि तुमचा गट बी पॉझिटिव्ह निघाला तर काउंटरवर खुशाल सांगा, कॉमन आहे म्हणून. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते.