न मोजलेला आकडा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जांबोटीच्या पुढच्या उपकेंद्रात रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात तुझा फोन आला. "अक्का, एक बाई आलीय, चौथा महिना, वजन ८८ किलो. बीपीचा पट्टाच बसेना हाताला. काय करू?" मी लिहून कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, अक्का घाईत आहे. तसं नव्हतं. अगदी हाच प्रश्न पूर्वी एकदा माझ्यापुढे आला होता आणि तेव्हा मी तो कुणालाच विचारला नव्हता. आजवर ही गोष्ट मी कुणाला लिहून सांगितलेली नाही, तुला सांगते.

बेळगाव तालुक्यातलं एक गाव, चंदगडच्या बाजूचं. पहिलटकरीण होती. उंची जेमतेम पाच फूट, वजन ८६. त्या दिवशी लस घ्यायला आलेल्या पोरांची रांग, उन्हाचं माणूस कावलेलं, आणि माझ्याकडे एकच पट्टा, मध्यम मापाचा. दोनदा गुंडाळला, दोनदा चिकटपट्टी कर्रकन सुटली. रांगेतली एक म्हातारी हसली. मीही बोलून गेले, "अगं, किती सुटलीयस! भात कमी कर जरा." ती मान खाली घालून हसली आणि ब्लाउजची बाही सारखी करू लागली. मी तिच्या कार्डावर लिहिलं, १२०/८०.

हो, न मोजता लिहिलं. पोरीला काही होत नाही, तोंडावर तेज आहे, पुढच्या वेळी बघू, असं मनाशी म्हणत लिहिलं. पुढची वेळ आलीच नाही. दोन महिने ती फिरकली नाही. गावातल्या आशा कार्यकर्तीने निरोप दिला तर म्हणाली, "तिथं गेलं की सगळ्यांसमोर वजन काढतात." सातव्यात ओटीभरण झालं आणि ती माहेरी गेली, शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. तिचं तायी कार्ड, म्हणजे आपल्या कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदींचं कार्ड, सासरीच राहिलं, देवाच्या फोटोमागे. तिकडच्या नर्सबाईला जुनं काही कळायला मार्ग नव्हता. आणि कार्ड नेलं असतं तरी काय, त्यावर माझा खोटा आकडाच होता.

बाळंतपण सुखरूप झालं. पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. घरच्यांनी वारा लागला म्हणून डोक्याला फडकं बांधलं, बाजेखाली शेगडी सरकवली. ती सांगत होती, "डोकं लई दुखालंय, डोळ्यांपुढं काजवे चमकालेत." रात्री झटके आले. वाचली, बाळही चांगलं आहे. पण कित्येक दिवस दवाखान्यात काढले तिने, आणि बीपीच्या गोळ्या आजही चालू आहेत. पुढे एका लग्नात भेटली तेव्हा माझ्या पाया पडली. तिने मला कधी बोल लावला नाही, म्हणून ते जास्त लागतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की पट्टा बसत नसेल तर रकाना रिकामा सोड. रिकाम्या रकान्यापुढे कुणीतरी थांबेल, विचारेल. १२०/८० दिसलं की सगळे पान उलटतात. मग त्याच दिवशी तिला मोठा पट्टा असेल तिथे पाठव. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, पण ९ तारीख लांब असेल तर तोवर थांबू नको.

आता मोजायचं कसं. पोटाची उंची मोजायची टेप तुझ्याकडे आहेच, तीच दंडाच्या मध्यावर धर. घेर ३२-३३ सेंटिमीटरच्या वर गेला की मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा ताणून बसवला तर बीपी आहे त्याहून जास्त दाखवतो, मग बाई उगाच घाबरते, उगाच गोळ्या सुरू होतात. आली की पाच मिनिटं बसव. आपल्याकडच्या बाया दोन-तीन किलोमीटर चालत, कडेवर थोरलं पोर घेऊन येतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, लघवीला जाऊन आलेली, दंड छातीच्या पातळीवर. आणि बाही! घट्ट बाही वर सरकवली की दंडाला तिचाच फास बसतो. पडद्याआड नेऊन बाही काढायला सांग. पट्टा फुगत असताना तूही बोलू नको, तिलाही बोलू देऊ नको. सासूबाई मध्येच काही विचारतील, त्यांना हाताने थांब म्हणावं.

१४०/९० किंवा वर आलं तर चार तासांनी परत बघ. दोन्हीतला एक आकडा वाढलेला असला तरी तो वाढलेलाच. १६०/११० आलं तर चार तास थांबायचं नाही, पंधरा मिनिटांत परत घे आणि गाडी बोलाव. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढलं की लघवीतलं प्रोटीन बघायचंच. तुम्हाला आता लघवीत बुडवायची पट्टी मिळते. आम्ही परीक्षानळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग उकळायचो. ढगासारखा पांढरा साका आला की दोन थेंब अॅसिटिक अॅसिड टाकायचो. साका विरघळला तर हुश्श. राहिला तर माझ्या पोटात गोळा यायचा. पट्टीवरचा हिरवा रंगही तितक्याच गांभीर्याने घे. आणि प्रोटीन नाही म्हणून निर्धास्त होऊ नको. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ, एकाएकी चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, धाप, लघवी कमी, यातलं काही बीपीबरोबर दिसलं तरी ते तेवढंच गंभीर. पायावरची संध्याकाळची सूज मात्र पुष्कळ बायांना येते, तेवढ्यावरून घाबरवू नको.

वजनाचा या गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराशी, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाशी, काय संबंध, हे तुला समजलं तरच तिला सांगता येईल. पहिल्या महिन्यांत वारेकडे (प्लासेंटाकडे) रक्त नेणाऱ्या नसा रुंद व्हाव्या लागतात, पाटाचा कालवा व्हावा तशा. काही जणींत त्या अरुंदच राहतात. मग वार उपाशी राहते आणि आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते, की ती सगळ्या अंगातल्या नसांचं आतलं अस्तर दुखावतात. मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, यकृत सुजतं, मेंदूपर्यंत गेलं की झटके. अंगात चरबी जास्त असली की नसांचं हे अस्तर आधीच थोडं दुखावलेलं असतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ५ ते ७ ने वाढला की हा धोका साधारण दुप्पट होतो. पण हे लक्षात ठेव, जाड बायांपैकी बहुतेकींना हे होत नाही, आणि काटकुळ्या पोरीलाही होतं. वजन बघून कुणाचं बीपी ठरवायचं नाही, मी नेमकं तेच केलं होतं.

तुझ्या त्या बाईला चौथा महिना आहे म्हणालीस. नेमके आठवडे मोज. पहिलं बाळंतपण, जास्त वजन, आईला किंवा बहिणीला बीपी, आधीच्या खेपेला बीपी, साखर, जुळं, असं काही असेल तर डॉक्टर छोटी अॅस्पिरिन सुरू करतात. ती १२ आठवड्यांनंतर आणि शक्यतो १६ च्या आत सुरू झालेली बरी. तू स्वतः देऊ नको, पण विचारायला वेळेत पाठवणं तुझ्याच हातात आहे. गरोदरपणातल्या अॅस्पिरिनचा सहा देशांत मोठा अभ्यास झाला, २०२० साली तो छापून आला. त्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजची मंडळी होती आणि आपल्याच गावांतल्या पहिलटकरणी होत्या. रोज ८१ मिलिग्रॅमच्या गोळीने ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणं कमी झाली. हे बायांना सांगत जा. आपल्याकडच्या बायांवर बघितलेलं औषध आहे म्हटलं की विश्वास बसतो.

एक विचारायचं राहतंच नेहमी. आधीपासून बीपीची गोळी घेते का? असेल तर पाकीट मागून बघ. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यांतलं नाव दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला त्या गोळ्या घातक. गरोदरपणात चालणाऱ्या वेगळ्या गोळ्या आहेत, लॅबेटालोल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. नुसती बंद कर म्हणून घरी पाठवशील तर बीपी उसळेल.

खाण्याबद्दल. "कमी खा" हा शब्द तोंडातून काढू नको. ते ऐकून काही जणी संकष्टी, मंगळवार, गुरुवार असे उपास धरतात आणि दिवसभर साबुदाण्यावर राहतात. गरोदरपणी वजन उतरवायचं नसतं, फार वाढू द्यायचं नसतं. ज्यांचं मुळातच फार आहे त्यांचं नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढलं तरी पुरे, बेताचं वजन असणारीचं साडेअकरा ते १६. खानापूरकडे तिन्ही त्रिकाळ भात. तिला म्हण, भाताचा एक डाव कमी घे आणि तिथे मुगाची किंवा मटकीची उसळ वाढून घे, ताक घे. अंगणवाडीतलं मातृपूर्ण योजनेचं दुपारचं जेवण चुकवू नको, त्यात दूध-अंडं असतं. डोहाळजेवणाला मांडे, कुंदा खाल्लाच पाहिजे तिने, हौसेचे दिवस आहेत. रोज रात्री कुंद्याची वाटी पुढे आली तर मात्र बोल, आणि तिला नव्हे, वाढणाऱ्या माणसाशी बोल. मीठ अगदी तोडून अळणी जेवायला लावण्याची गरज नाही, त्याने हे बीपी टळत नाही. लोणचं, पापड, खारातली मिरची बेताने. कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. लोहाची गोळी तिच्याबरोबर एका वेळी नको, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. रोज अर्धा तास चालणं. साखरेची तपासणी सांगायला नको, ती तू करतेसच.

वजन घेताना काटा बाजूला ने आणि आकडा मोठ्याने उच्चारू नको. लिही आणि तिलाच दाखव. एका आठवड्यात किलोभर वाढलं तर ते जेवणाचं नव्हे, अंगात साठलेल्या पाण्याचं असू शकतं, लगेच बीपी घे.

आता आपल्या भागाची अडचण. खानापूर काय, निपाणी काय, आपल्या लेकीसुना सारख्या कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा ओलांडतात. सासर इकडे, माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, किंवा उलट. तायी कार्ड कन्नडमध्ये, पलीकडचं मराठीत. पलीकडच्या सिस्टरला कन्नड येत नाही म्हणून ती नवं कार्ड करते आणि मागचे सहा महिने पुसले जातात. सातवा लागला की विचार, माहेरी कधी जाणार? मग कार्डाच्या मागे इंग्रजी आकड्यांत सगळी बीपी तारखांसकट एका ओळीत लिही, वजनं लिही, चालू गोळ्यांची नावं लिही. नवऱ्याच्या फोनवर फोटो काढून दे. पलीकडच्या आशाचा नंबर माहेरच्या माणसांकडून घे आणि तिच्याशी एकदा बोल. १०८ ला फोन करताना गावाबरोबर तालुका आणि राज्यही सांगायला घरच्यांना शिकव.

काही वर्षांपूर्वी बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशांच्या हाती बीपीचं मशीन आणि मोबाइल देऊन मोठा प्रयोग झाला. नुसतं मशीन हाती आलं म्हणून आई-बाळाचे मृत्यू आणि गंभीर आजार घटले, असं त्यातून निघालं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मोजल्यावर पुढे गाडी, औषध आणि जागा असलेला दवाखाना लागतो. तुझ्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की रस्ता बंद, टॉवर बंद. म्हणून झटके आवरणारं इंजेक्शन, मॅग्नेशियम सल्फेट, तुझ्या कपाटात आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे, आजच बघ. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. झटका आला तर एका कुल्ल्यात ५ ग्रॅम, दुसऱ्यात ५ ग्रॅम, खोल स्नायूत, डाव्या कुशीवर ठेवून, आणि लगोलग गाडी. डॉक्टरांना फोन करून सांग, पण फोन लागेपर्यंत सुई थांबवू नको. दहा अँप्यूल फोडायला वेळ लागतो. कोऱ्या हातांनी पहिल्यांदा करताना हात थरथरतात, म्हणून एकदा मोठ्या सिस्टरबरोबर शांतपणे करून बघ.

आणि बाळंतीण. बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात वर जातं, नेमकी ती घरी, बाजेवर, शेक घेत असताना. बाळाचं वजन करायला जाशील तेव्हा पिशवीत बीपीचं मशीन असू दे. सासूला, आईला स्पष्ट सांग, बाळंतिणीचं डोकं दुखलं की वारा म्हणून फडकं बांधायचं नाही, आधी बीपी. सहा आठवडे पुरे होईपर्यंत बघत राहा. ज्यांना हे एकदा झालं त्यांना पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षातून एकदा तरी तपासायला बोलव.

तुझ्या त्या ८८ किलोवाल्या बाईला पुन्हा बोलावून घे. पट्टा बसला नाही ही चूक पट्ट्याची, असं तिला तोंडाने सांग. माझा मोठा पट्टा मी स्वतःच्या पैशांनी घेतला होता, त्या पोरीला झटके आल्याच्या पुढच्याच महिन्यात. शनिवारच्या खानापूर बसने तुझ्या काकांच्या हाती पाठवते आहे, निळ्या पिशवीत. नळीचं टोक तुझ्या मशीनला बसतं का ते आधी बघ आणि डिजिटल मशीन असेल तर त्याच कंपनीचा पट्टा लागतो, तसं कळव. बसला तर तिचा आकडा मला रात्री फोन करून सांग. जो येईल तो.

तुझी,
अक्का