फायर कंपनी ‘इन्कॉर्पोरेट’ झाली म्हणजे काय झालं?

पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाचा इतिहास मराठीत आणणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. मूळ मजकुरात गावातल्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना, म्हणजे फायर कंपनी, आधी ‘ऑर्गनाइझ’ झाली आणि काही वर्षांनी, १८७४ नंतर, ‘इन्कॉर्पोरेट’ झाली. दोन्हीकडे ‘स्थापना’ लिहिलं तर एकाच संस्थेची स्थापना दोनदा होते. मग दुसऱ्या ठिकाणी ‘नोंदणी झाली’ म्हणावं का?

नको. ‘सनद मिळाली’ म्हणा.

बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली ती आपसातल्या करारावर. सभासदांनी सह्या केल्या, चामडी बादल्या आणि सामान वाचवायच्या पिशव्या घरात तयार ठेवल्या, भागलं. बादली ज्याची त्याची. पण अशा कंपन्यांकडे पुढे वर्गणीतून हातपंपाची गाडी आली, घंटा आली, गाडी ठेवायला जागा घ्यावी लागली. खरेदीखत कुणाच्या नावे करायचं? कायद्याच्या लेखी कंपनी नावाचं कुणी नाहीच. मग दोन-चार विश्वस्तांच्या नावे करायचं आणि त्यातला एखादा वारला की पुढे काय, याचा घोर. लॅटिन ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर. इन्कॉर्पोरेट झाल्यावर सभासद येवोत-जावोत, शरीर मागे राहतं. त्याला नाव असतं, मोहोर असते, जागा त्याच्याच नावे चढते आणि कोर्टात तेच वादी-प्रतिवादी होतं. सगळा शब्द या कल्पनेवर उभा आहे, म्हणून मला त्याच्या भाषांतराची एवढी काळजी वाटते.

पूर्वी राज्याचं विधिमंडळ एकेका संस्थेसाठी वेगळा कायदा करून हे शरीर देई. न्यूयॉर्कच्या स्वयंसेवकांना ते १७९८ साली मिळालं, ‘फायर डिपार्टमेंट ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क’ या नावाने. (इथे ‘डिपार्टमेंट’ पाहून ‘पालिकेचं खातं’ लिहू नका. पगारी दल तिथे १८६५ साली आलं. त्याआधीची ही संस्था स्वयंसेवकांचीच होती. जायबंदी झालेल्यांसाठी आणि विधवा-मुलांसाठीचा निधी ती सांभाळत असे.)

पेनसिल्व्हेनियाने २९ एप्रिल १८७४च्या कायद्यात नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या यादीत फायर इंजिन (बंबगाडी), हुक अँड लॅडर (आकडे-शिड्या) आणि होज (पाण्याची नळी) कंपन्या नाव घेऊन घातल्या. किमान पाच जणांनी अर्ज करायचा, वर्तमानपत्रांत तीन आठवडे जाहीर सूचना द्यायची, मग काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टापुढे जायचं. हेतू कायदेशीर आहे, समाजाला अपाय नाही, अशी खात्री पटली की न्यायाधीश हुकूम देई आणि कागद दस्तांच्या कचेरीत चढे. नोंदणी ही यातली शेवटची पायरी. तिचं नाव सगळ्या जिन्याला कसं द्यायचं?

शिवाय आपल्याकडे ‘नोंदणीकृत संस्था’ म्हटलं की १८६०चा सोसायटी नोंदणी कायदा आठवतो. त्याखालच्या संस्थेची मालमत्ता विश्वस्तांकडे नसेल तर नियामक मंडळाकडे आहे असं मानतात. अशी नोंदणी म्हणजे इन्कॉर्पोरेशन नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या खटल्यात म्हटलेलं आहे. म्हणजे ‘नोंदणी’ने वाचकाच्या मनात नेमकी दुसरीच गोष्ट उभी राहील.

‘इन्कॉर्पोरेटेड’साठीचा ‘विधिसंस्थापित’ हा शब्द करारनाम्यात ठीक आहे, गावाच्या गोष्टीत तो खड्यासारखा लागतो. ‘सनद’ मात्र आपल्या ओळखीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ आणि १८३३च्या सनदा आपण शाळेत पाठ केल्या, वकिलाला आजही सनदच मिळते. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कागदाचं नावही ‘चार्टर’, म्हणजे सनदच.

आता ‘कंपनी’. विशेषनामात ती राहू द्या. एरवी मराठी कानाला त्यात धंदा ऐकू येतो. त्याच काळातला आपला शब्द ‘मंडळी’ आहे. १८८० साली निघालेली किर्लोस्कर नाटक मंडळी आठवा. आणि ‘बंब’ हा पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आलेला, मूळ अर्थ पंप. हातपंपाच्या गाडीला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

तेव्हा वाक्य असं करा: ‘गावातल्या स्वयंसेवकांनी बंब-मंडळी उभारली आणि काही वर्षांनी कोर्टाकडून तिला सनद मिळाली.’