पाण्यातून गेल्यावर मारुती जिप्सीचा करंट, म्हणजे प्लगची ठिणगी जाते, मेकॅनिक कॉइल बदला म्हणतोय. बदलू का?

नका बदलू. गाडी जुनी कार्ब्युरेटरवाली आहे आणि बॉनेट उघडं ठेवून वाळली की आपोआप सुरू होते असं तुम्हीच लिहिलंय. मेलेली कॉइल वाळून जिवंत होत नाही हो.

माझ्या जिप्सीला हेच व्हायचं. पावसाळ्यात वेल्ह्याकडे एका ओढ्यातून बाहेर पडलो, काठ चढलो आणि फटफट करत बंद. सोबत आमचे दाजी त्यांची डिझेल जीप घेऊन, मी बॉनेटला हात लावायच्या आधीच सुरू झाले, "तुला सांगत होतो डिझेल घे, डिझेलला प्लगच नाही तर करंट जाईल कुठून!" दोर लावून गावापर्यंत ओढत नेलं आणि ते अजून प्रत्येक लग्नात ऐकवतात. गावातल्या गॅरेजवाल्याने कॉइल बदलली, पैसे घेतले, पुढच्या ओढ्याला परत तेच.

मग एका रात्री मी इंजिन चालू ठेवलं, लाइट बंद केले आणि डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डब्यावर, बाटलीने बारीक पाणी फवारलं. त्याच्या झाकणावर, कॅपवर, निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या आणि गाडी मिसिंग मारायला लागली. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस हजार व्होल्टच्या वर करते, कॅपखाली फिरणारा रोटर ते एकेका प्लगकडे पाठवतो, पण कॅप ओली असली की ते प्लगपर्यंत जातंय कशाला, तिथूनच बॉडीला उतरतं. कॅप काढली तर आत केसाएवढी काळी रेघ. ती कार्बनची, एकदा पडली की पुसून जात नाही, कॅपच बदलायची. तिथे पाणी येतं कुठून, तर पुढचा फॅन पाण्याला लागला की सगळं इंजिनवर मागे फेकतो.

तुम्ही एवढंच करा, कॉइलची मधली केबल कॅपमधून काढा, टोकात जास्तीचा प्लग लावून तो इंजिनला नीट टेकवा आणि सेल्फ मारा. तिथे कडक निळसर ठिणगी आहे पण प्लगच्या केबलला नाही, तर कॅप, रोटर किंवा केबल. तिथेही नाही, तर आधी कॉइलला बारा व्होल्ट येतात का ते मीटरने बघा, मग डिस्ट्रिब्युटरमधलं पिकअप (ठिणगी कधी पाडायची तो सिग्नल देणारं) आणि इग्नायटर (त्यावरून कॉइल चालू-बंद करणारा), आणि सगळ्यात शेवटी कॉइल. केबल मोकळी हवेत ठेवून सेल्फ मारू नका, इग्नायटर उडतो. हातात तर धरूच नका. आणि बाहेर ठिणगी पडली म्हणजे आत पडतेच असं नाही, कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबात, तिला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पिवळट मिणमिणती ठिणगी दिसली तर ती नाही असंच धरा.

हां, पाण्याचा संबंध नसताना गाडी गरम झाली की बंद आणि थंड झाली की चालू असं होत असेल तर मात्र कॉइल किंवा इग्नायटरवर संशय घ्या. कॉइलला तडा गेलेला असेल तर तीही ओली झाल्यावर त्रास देते, तेवढं नजरेने बघून घ्या. नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतोच, त्यांना यातलं निम्मं लागू नाही.

राहिले दाजी. डिझेलला करंट लागत नाही, कबूल, पण हवा लागते ना. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि डिझेलचं कॉम्प्रेशन जवळपास दुप्पट, म्हणजे थोडंसं पाणीही पुरतं. माझी कॅप रस्त्यात बदलता येते, त्यांचा रॉड वाकला तर इंजिन उतरवा! पेट्रोलही यातून सुटत नाही म्हणा, त्यामुळे पाण्यात बंद पडली की आधी एअर फिल्टर बघा, ओला असेल तर प्लग काढल्याशिवाय सेल्फला हात लावू नका.