'फारकत झालीय' म्हणाला, आता म्हणतो तू बायकोच नाहीस

प्रश्न: नमस्कार ताई, मी माझ्या मोठ्या बहिणीसाठी लिहितेय. 9 वर्षांपूर्वी आळंदीला तिचं लग्न झालं, त्याचं हे दुसरं, पण पहिलीशी फारकत झालीय म्हणून त्याने स्टॅम्पपेपर दाखवला, दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, सगळं होतं म्हणून वडलांनी विश्वास ठेवला. आता कळलं की कोर्टातून घटस्फोट झालाच नव्हता. वर्षभर तो पहिलीकडेच राहतो, 2 मुलं आहेत पण खर्चाला एक पैसा देत नाही, विचारलं की म्हणतो तू कायद्याने माझी बायकोच नाहीस. मग सरकारने सरळ दुसरं लग्न मान्यच का करू नये? निदान दुसरीला हक्क तरी मिळेल. – एक बहीण, सातारा

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून जीव तुटला, कारण असे स्टॅम्पपेपर मी खूप पाहिलेत. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, नाहीतर नोटरीच्या शिक्क्याने हिंदू लग्न मोडत नाही. लग्न ठरवताना कोर्टाचा हुकूमनामा मागायचा, हे प्रत्येक बापाला माहीत हवं.

दुसरं लग्न मान्य करावं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. तुम्ही मागताय तो कायदा आपल्याकडे होताच की, 1946 साली मुंबई प्रांतात बंदी येईपर्यंत हिंदू पुरुषाला कितीही लग्नं करता येत होती आणि तेव्हा पहिलीला तक्रार करायलाही जागा नव्हती. त्या बंदीविरुद्ध नरसू अप्पा माळी खटल्यात 1951 ला हायकोर्टात वाद झाला तेव्हा मुलगा होण्यासाठी दुसरी बायको करणं हा धर्माचा भाग आहे असंही मांडलं गेलं, कोर्टाने ते मानलं नाही. गोव्यात 1880 चा पोर्तुगीज हुकूम कागदावर अजून आहे, त्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही तर काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करता येतं. म्हणजे मान्यता मिळते ती नवऱ्याच्या गरजेला. शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळला पाणी भरायला माणूस हवं म्हणून दुसरी-तिसरी बायको आणल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, तिथेही त्या बाईच्या मनात काय होतं हे कुणी विचारलं? उद्या दुसरं लग्न कायदेशीर झालं तर तुमचा मेहुणा तिसरंही करेल आणि तुमची बहीण तेव्हा पहिली जिथे होती तिथे जाऊन बसेल.

पण आजचा कायदा बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही, कारण फसवणारा दोन्हीकडून सुटतो. 1965 मध्ये भाऊराव लोखंडे खटल्यात दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने झालं, आवश्यक विधी झाले नाहीत, म्हणून गुन्हाच होत नाही असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. विधी झाले नाहीत तर गुन्हा नाही, आणि झाले तरी लग्न रद्दबातल म्हणून बायको नाही, मग बाईने जायचं कुठे? माझं म्हणणं एवढंच की लग्नाला मान्यता नको, बाईला आणि लेकरांना हवी, आणि ती कोर्टाच्या निकालांवर न सोडता कायद्यातच स्पष्ट लिहा.

तोवर हे निकालच तुमच्या कामाचे आहेत. पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर तो माणूस पोटगी टाळू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2013 ला बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे खटल्यात सांगितलंय. अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली करायचा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम 125. शिवाय लग्न रद्दबातल ठरवून घेतानाही कायमची पोटगी मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2025 ला स्पष्ट केलं, रक्कम कोर्ट ठरवतं. मुलांची काळजी करू नका, ती कायद्याने औरसच आहेत, आणि 2023 च्या निकालानुसार वडिलोपार्जित मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही त्यांना हिस्सा मिळतो, मात्र चुलत्यांच्या वाट्यावर हक्क नाही. फौजदारी तक्रार दुसरी बायकोही करू शकते. पहिलं लग्न लपवल्याची शिक्षा 10 वर्षांपर्यंत आहे, लग्न जुनं असल्याने जुन्या दंडविधानाचं कलम 495 लागेल.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना आळंदीच्या कार्यालयाची पावती, लग्नाचे फोटो, बापाचं नाव असलेले मुलांचे जन्मदाखले न्या. आणि तो स्टॅम्पपेपर घरात असेल तर मेहुण्याने कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नका, त्याने फसवलं याचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.