बांधावर मुंगूस मेलं, औषधानं का?

प्रश्न : आमचं शेत खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आहे. भातात उंदरांसाठी औषध टाकलं आणि चार-पाच दिवसांनी बांधावर मुंगूस मेलेलं सापडलं, तोंडाला थोडं रक्त होतं. औषधामुळंच असेल का?

उत्तर : बघा, नुसतं पत्र वाचून ठामपणे नाही सांगता येत, पण आधी पुडा शोधा आणि नाव वाचा. ब्रोमॅडिओलोन असेल तर संशय घ्यायला जागा आहे, कारण त्यानं रक्त गोठत नाही आणि उंदीर लगेच मरतही नाही, काही दिवस पेंगत फिरतो, मग असला सुस्त उंदीर मुंगसाला आयताच मिळतो आणि त्याच्या यकृतातलं विष मुंगसाच्या पोटात जातं. कोल्हा, रानमांजर, घुबड सगळ्यांचं तेच. झिंक फॉस्फाइडचं वेगळं, त्याचा पोटातल्या आम्लात फॉस्फिन वायू होतो आणि उंदीर काही तासांत खलास, ते अंगात साठत नाही, पण आमिषच खाल्लं तर रानडुक्कर काय आणि तुमचं कुत्रं काय, दोघंही जातात.

पुड्यावरचा त्रिकोणही बघा. लाल म्हंजे सगळ्यात जहाल, तोंडावाटे एलडी ५०, म्हंजे निम्मी जनावरं मरतील एवढी मात्रा, वजनाच्या किलोमागं १ ते ५० मिलिग्रॅम, पिवळा ५१ ते ५००. पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचे! रानात धोका ठरतो तो जनावर किती खातं, किती दिवस खातं यावर, आणि लहान जीव वजनाच्या मानानं जास्त खातो.

मेलेले उंदीर रोज सकाळी हातमोजे घालून गोळा करा, खोल पुरा. आमिष बिळात आत सारा, उघड्यावर नको.