ग्रेड २ फॅटी लिव्हर अन् "मी तर रोज शेतात जातो"

भाऊ, तुम्ही लिहिलं की सोनोग्राफीत ग्रेड २ (म्हणजे मध्यम) फॅटी लिव्हर आला, वजन ८४, दारूले हात नाही, रोज शेतात जातो तरी लिव्हरवर चरबी कशी काय. चार वर्षाआधी मी पण हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणे शेतात जाता म्हणजे करता काय? मी गप. गाडीनं जायचं, बाया निंदतात तिथं धुऱ्यावर उभं राहून फोनवर बोलायचं अन् वापस येता येता टपरीवर चहा, याले व्यायाम म्हणत नाहीत राजेहो.

चहाचाच हिशोब करा आधी. माझे दिवसाचे ८ कप होत, कपात २ चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे रोजची ८० ग्रॅम, महिन्याले जवळपास अडीच किलो! लोक तेलाले भेतात, पण साखरेतल्या फ्रुक्टोजची चरबी लिव्हरमध्येच बनते. मी ८ चे २ कप केले तेही बिनसाखरेचे, पहिला आठवडा डोकं दुखलं, मग सवय झाली. काळी कॉफी बिनसाखरेची चालते, उलट लिव्हरले चांगलीच.

जेवणात वेगळं काही नाही. ज्वारीच्या दोन भाकरी (चार नाही, भाकरीही मोजावीच लागते), तुरीचं वरण, अंबाडी नाहीतर मेथी, जवसाची चटणी. भात एक वाटी. आलूबोंडा अन् बेकरीचे टोस्ट बंद. वडाभात मी सोडला नाही, फक्त महिन्यातून एकदा.

चालणं आठवड्याले १५० मिनिटं, म्हणजे ५ दिवस अर्धा अर्धा तास, असं झपाझप की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, तवा पहाटे साडेपाचलेच निघा. सोबत दोन दिवस उठाबशा. वजन हललं नाही तरी चालण्यानं लिव्हरची चरबी थोडी कमी होते, म्हणून काटा पाहून सोडू नका.

तुमचं ४ किलो गेलं तरी चरबी उतराले लागते, ६ ते ८ गेलं तर सूजही कमी होऊ शकते. पण आठवड्याले अर्धा, फार तर एक किलो. मी घाईघाईत एक टाइमचं जेवणच सोडलं होतं अन् बँकेच्या लाइनीत चक्कर येऊन पडलो, शिवाय झपाट्यानं वजन उतरवलं तर लिव्हर बिघडूही शकते असं डॉक्टरनं झापलं.

अन् गावात कोणी गुळवेलीचा काढा सांगन तर नको म्हणा. त्यानं लिव्हरले इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत.

माझं वजन ८८ चं ८० झालं, सोनोग्राफीत ग्रेड १ आहे आता. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून मोकळे होऊ नका, फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) लागते का ते डॉक्टरले विचारा. शुगरचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, तीन महिन्याची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट (HbA1c) झाली असन तर आकडा सांगा.